पिवळं बूच

तीन लाख अकरा हजार मैलांनंतर
ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलू नये,
असं ग्राफ्टनमध्ये सगळेच सांगतात.
ऑर्व्हिल ऑने तर सँडविच खाली ठेवून म्हणाला,
"सॉल्विग, हात लावू नकोस.
क्लचप्लेटी झिजून जो चुरा झालाय ना,
त्या चुऱ्याच्या जिवावर गिअर धरतोय.
साफ केलंस की गेला."

मी तरीही डबे आणले.
आणि भावाला फोन केला,
कारण तेलाने काठोकाठ भरलेला पॅन
एकटीच्या हाताने उतरत नाही.
अडीच वर्षांनी फोन,
आणि बोलले ते फक्त पॅनबद्दल.

टॉर्व्हल आला. बिस्मार्कहून, साडेचार तास.
बीटच्या ट्रकांनी रस्त्यावर सांडलेला चिखल
त्याच्या चाकांच्या कमानींत बसलेला.
ये नाही, बस नाही,
सरळ पुठ्ठ्यावर उताणा झाला
बाबांच्या पिकअपखाली.

मागचे बोल्ट आधी काढायचे,
पुढचे दोन नुसते सैल करायचे,
म्हणजे पॅन कलतो आणि तेल एका कडेने येतं.
आलं. काळं, साखर कारखान्यातल्या काकवीसारखं,
करपल्या वासाचं,
आणि थोडं बाहीतून थेट त्याच्या काखेत.
त्याने बाबांचीच शिवी हासडली,
नॉर्वेजियन,
जिचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत नाही.

पॅनमधल्या चुंबकावर करडी लव.
चिमटीत चोळून पाहिली. टोचली नाही.
टोचली असती तर आतले दात गेले म्हणायचे.

आणि गाळात, कोपऱ्याला,
पिवळं प्लास्टिकचं बूच.
डिपस्टिकच्या भोकाला ते कारखान्यात लावतात,
गाडी जोडताना आत ढकलून देतात.
पॅन पहिल्यांदा उघडतो त्या दिवशी
ते सापडतं, आणि कुणीतरी फेकून देतं.
पहिल्यांदा.

मी कप्प्यातून वही काढली.
बाबांचं पेन्सिलीचं अक्षर, चर्चच्या हिशेबासारखं ताठ:
साठ हजार. गिअरचं तेल बदललं.
एक लाख वीस. बदललं.
एक लाख ऐंशी. बदललं, फिल्टरसुद्धा.

"फिल्टरसुद्धा," टॉर्व्हल खालून म्हणाला.
मग त्याचे बूट हलायला लागले.
मला वाटलं, रडतोय.
हसत होता. मग मीही,
फेंडरला टेकून, पोट धरून.
आमच्या किराणा पावत्यांतले सेंट मोजणारा माणूस!

हसू ओसरलं तेव्हा
गाडीखालून, चेहरा न दाखवता, त्याने विचारलं,
"त्या मार्चमध्ये मला उशिरा का कळवलंस?"

पाना माझ्या हातात होता. तो मी पुसत राहिले.
म्हटलं, बर्फ होतं, रस्ते बंद होते.
म्हटलं, ते तुझं नाव घेत नव्हते.
मग म्हटलं,
एकदा घेतलं होतं.

खाली बराच वेळ नुसतं ठिबकणं.

"तेल एवढंच?"
"निम्मं आत राहतं. कन्व्हर्टरमध्ये.
त्याला बोल्ट नाही.
नवं भरायचं, शंभरेक मैल चालवायचं, पुन्हा काढायचं.
तीनदा केलं की बहुतेक बदलतं."
"बहुतेक."
"हो."

नवं तेल चेरीच्या पाकासारखं लाल.
इंजिन तापू दिलं, ब्रेकवर पाय,
एकेका गिअरवर थोडं थांबत पुन्हा पार्कला आलो.
डिपस्टिक पुसली, बुडवली, कागदाला टेकवली.
डाग विटकरी होता.

रस्त्यावर, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
गिअर अडखळला. इंजिन मोकळंच ओरडलं.
आम्ही दोघंही समोर बघत राहिलो.
डावीकडून ऑर्व्हिलचं दुकान गेलं,
तो दारातच उभा होता, मेला.
मग धरला.

घरी येऊन मी वहीत लिहिलं, पेन्सिलीनेच:
तीन लाख अकरा हजार. निम्मं.
टॉर्व्हलने बूच धुऊन खिशात टाकलं.
"येत्या शनिवारी जमणार नाही," म्हणाला,
"त्याच्या पुढच्या."